रूम हीटर लावताय? आधी घरातलं वायरिंग बघा : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांसाठी सोपी माहिती

डिसेंबर-जानेवारीत एखादी सकाळ अशी येते की बदलापूरच्या तापमानाचे स्क्रीनशॉट प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायला लागतात. मुंबईत पंखा चालू असतो आणि इकडे लोक शाल गुंडाळून लोकल पकडतात. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचा त्रास असलेले आजोबा असतील, तर एक छोटा रूम हीटर घरी येतो. बहुतेक घरांत तो पलंगाजवळच्या बोर्डाला लागतो, आणि गरम हवा आली की विषय संपतो.

पण खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. हीटर नवा असतो, वायरिंग मात्र दहा, वीस, कधी चाळीस वर्षांपूर्वीचं असतं. हीटरमुळे लागणाऱ्या आगी अनेकदा हीटरमध्ये लागतच नाहीत. त्या सॉकेटमध्ये, एक्स्टेंशन बोर्डात किंवा भिंतीतल्या एखाद्या सैल जोडात सुरू होतात. आणि असा जोड तापत असताना एमसीबी पडेलच असं नाही. असं का होतं आणि घरच्या घरी काय तपासता येतं, ते पाहू.

इथे थंडी जास्त का वाजते?

समुद्र दिवसा सहज तापत नाही आणि रात्री सहज गार होत नाही. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यालगत रात्रीचं तापमान फार खाली जात नाही. बदलापूर समुद्रापासून दूर, उल्हास नदीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या पायथ्याशी आहे. आकाश निरभ्र असलं आणि ईशान्येकडून कोरडे वारे आले की जमीन रात्री झपाट्याने थंड होते. जड, गार हवा उतारावरून खाली येऊन सखल भागात साचते. म्हणून थंडीच्या लाटेत बदलापूर आणि कर्जतकडचा पारा १० अंशांच्या आसपासही उतरतो. अंबरनाथ आणि उल्हासनगरही याच पट्ट्यात येतात.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ही थंडी वर्षातून काही आठवड्यांची असते, आणि बाहेर १२ अंश असले तरी बंद खोलीत तेवढी थंडी नसते. म्हणजे उत्तर भारतासारखा रात्रभर जोरात चालणारा हीटर इथे सहसा लागत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कशी ते पुढे येईल.

हीटर किती करंट ओढतो?

आपल्या घरात २३० व्होल्टची सिंगल फेज वीज येते. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागलं की करंट किती ते अँपिअरमध्ये कळतं.

- एलईडी बल्ब, ९ वॅट : सुमारे ०.०४ अँपिअर
- छताचा पंखा, ७५ वॅट : सुमारे ०.३३ अँपिअर
- इस्त्री, १००० वॅट : सुमारे ४.३ अँपिअर
- पाणी तापवायचा रॉड, १५०० वॅट : सुमारे ६.५ अँपिअर
- रूम हीटर किंवा साठवणीचा गिझर, २००० वॅट : सुमारे ८.७ अँपिअर
- इन्स्टंट गिझर, ३००० वॅट : सुमारे १३ अँपिअर

म्हणजे एक हीटर लावणं हे विजेच्या हिशोबात एकदम २६ पंखे लावण्यासारखं आहे. शिवाय इस्त्री मधूनमधून बंद होते, मिक्सर दोन मिनिटं चालतो. हीटर मात्र तास-तास सलग चालतो. वायर आणि जोड तापायला त्याला भरपूर वेळ मिळतो.

एमसीबी पडला नाही म्हणजे सगळं ठीक?

इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. एमसीबी फक्त एकच गोष्ट बघतो : त्याच्यातून करंट किती जातोय. सॉकेट किती तापलंय हे त्याला कळत नाही.

समजा, सॉकेटच्या आतली पितळी पट्टी वापरून वापरून सैल झाली आहे. प्लगची पिन तिथे नीट घट्ट बसत नाही, त्यामुळे त्या जागी थोडा जास्त अडथळा तयार झाला, साधारण एक तृतीयांश ओहम. अशा ठिकाणी तयार होणारी उष्णता काढायची तर करंटला करंटने आणि मग अडथळ्याने गुणायचं. २००० वॅटच्या हीटरचा ८.७ अँपिअर करंट तिथून गेला, तर त्या एका टोकावर सुमारे २५ वॅट उष्णता तयार होते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जी सोल्डरिंगची इस्त्री असते, ती साधारण एवढ्याच वॅटची असते. म्हणजे प्लास्टिकच्या बंद डबीत एक सोल्डरिंग इस्त्री चालू करून ठेवल्यासारखं झालं.

या सगळ्या वेळात एमसीबीतून करंट जातोय तो फक्त ८.७ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे. तो पडणार नाही.

'इतकी वर्षं याच बोर्डावर पंखा चालतोय, कधी काही झालं नाही,' हे वाक्यही अनेक घरांत ऐकू येतं. ते खरं असतं, पण त्याने काही सिद्ध होत नाही. त्याच सैल जोडातून पंख्याचा ०.३३ अँपिअर करंट गेला, तर तिथे एका वॅटचा पंचविसावा हिस्सासुद्धा उष्णता तयार होत नाही. दोष आधीपासून असतो, तो हीटर लावल्यावर उघडा पडतो.

याच हिशोबात एक उपायही दडलेला आहे. करंट निम्मा केला की जोडातली उष्णता निम्मी होत नाही, ती एक चतुर्थांश होते. हीटरवर १००० आणि २००० असे दोन टप्पे असतील, तर १००० वर चालवला की सैल जोडावरची उष्णता २५ वरून सुमारे ६ वॅटवर येते. इथल्या थंडीला दहा बाय दहाच्या खोलीत १००० वॅट बहुतेक वेळा पुरतात.

एमसीबीची दुसरी मर्यादा

१६ अँपिअर लिहिलेला एमसीबी १६.१ अँपिअरला लगेच पडतो असं नाही. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार ठरलेल्या मर्यादेच्या १.४५ पट करंट असेल, तर तो तासाभराच्या आत पडायलाच हवा. १६ च्या एमसीबीसाठी हा आकडा २३.२ अँपिअर होतो.

आता थंडीतली सकाळ डोळ्यांसमोर आणा. गिझर चालू, हीटर २००० वर, शाळेच्या गणवेशाला इस्त्री. ८.७ अधिक ८.७ अधिक ४.३, म्हणजे २१.७ अँपिअर. हे सगळं एकाच एमसीबीवर असेल, तर तो बराच वेळ पडणार नाही, कदाचित पडणारच नाही. आणि आतली वायर बारीक असेल तर ती मात्र तापत राहील. घरात वापरली जाणारी साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असते. त्यापुढे तिचं आवरण कडक होतं, तडकतं आणि काही हिवाळ्यांनी उघडं पडतं.

एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ चा बसवून घेणं ही तर घोडचूक. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये ठरलेल्या फ्यूज वायरऐवजी तांब्याच्या तारेचे दोन-चार पदर गुंडाळणं हाही तोच प्रकार. मग वितळायचं काम फ्यूजऐवजी भिंतीतल्या वायरला करावं लागतं.

आपल्या भागातली घरं आणि त्यांचं वायरिंग

या तीन शहरांत घरांचे प्रकार वेगवेगळे आहेत, त्यामुळे धोक्याच्या जागाही वेगळ्या आहेत.

उल्हासनगरच्या बराकी : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. मोठ्या बराकींच्या खोल्या झाल्या, खोल्यांवर मजले चढले, भावाभावांत वाटण्या झाल्या. अशा घरांत एका जुन्या लाइनवरून पुढे, आणि तिथूनही पुढे वायर ओढलेली सापडू शकते. जितके जोड जास्त, तितक्या सैल होण्याच्या जागा जास्त. लाकडी बोर्ड आणि किटकॅट फ्यूज असेल, तर हीटर आणण्याआधी वायरमन आणावा.

अंबरनाथच्या चाळी आणि जुन्या इमारती : ऑर्डनन्स फॅक्टरी आणि एमआयडीसीमुळे हे शहर वाढलं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींमधलं वायरिंग दोन दिवे, दोन पंखे, एक टीव्ही एवढ्या हिशोबाने केलेलं असायचं. काही ठिकाणी ॲल्युमिनियमची वायर सापडते. ॲल्युमिनियमचा स्क्रूखालचा जोड काळाच्या ओघात तांब्यापेक्षा लवकर सैल होतो. पावसात स्लॅब गळत असेल, तर पाइपातून ओल थेट बोर्डापर्यंत पोहोचते.

बदलापूरची नदीकाठची घरं : २६ जुलै २००५ चा महापूर आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तो पूर, दोन्ही इथल्या लोकांच्या लक्षात आहेत. पुरात जी सॉकेट आणि स्विच बुडाले, ते वाळल्यावर पुन्हा चालू होतात. पण आत गाळ बसतो, स्क्रू गंजतात, पितळेवर हिरवट थर चढतो. हा थर म्हणजेच तो जास्तीचा अडथळा. पुराचं पाणी लागलेलं सॉकेट हीटरसाठी वापरूच नये, बदलून घ्यावं. सॉकेट स्वस्त असतं.

नवे टॉवर : इथे एमसीबी आणि आरसीसीबी असतात, वायरही बरी असते. पण बेडरूममध्ये एसीसाठी वर एक पॉवर पॉइंट आणि खाली फक्त मोबाइल चार्जरसाठी छोटी सॉकेट, असं अनेकदा दिसतं. मग हीटर एक्स्टेंशनवर जातो, आणि चांगल्या वायरिंगचा उपयोग उरत नाही.

छोटं सॉकेट, मोठं सॉकेट

आपल्याकडे दोन मापांची सॉकेट असतात. छोटं ६ अँपिअरचं आणि मोठं, जाड पिनांचं १६ अँपिअरचं, ज्याला आपण पॉवर प्लग म्हणतो. जुन्या बोर्डांवर यांनाच ५ आणि १५ अँपिअर म्हटलेलं असतं.

२००० वॅटच्या हीटरला जाड पिनांचा प्लग दिलेला असतो, तो ८.७ अँपिअर छोट्या सॉकेटला झेपत नाहीत म्हणून. बाजारात मोठ्या पिनचं छोटं करणारा कन्व्हर्टर मिळतो. हीटर, गिझर, रॉड यांच्यासाठी तो कधीच वापरू नये. प्लग कापून छोटा प्लग लावणं तर त्याहून वाईट.

मोठं सॉकेट दिसतंय म्हणून मागची वायरही जाड असेल असं गृहीत धरू नका. हे वायरमनकडून एकदा बघून घ्यावं. साधारण पद्धत अशी :

- दिवे-पंखे : १ ते १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर
- १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट : किमान २.५ चौरस मिलिमीटर
- एसी, मोठा गिझर : ४ चौरस मिलिमीटर, स्वतंत्र एमसीबीवर

हीटरचं सॉकेट गिझरच्या लाइनवर लूप केलेलं नसावं. एमसीबी बॉक्समधून थेट आलेली स्वतंत्र लाइन सगळ्यात चांगली.

एक्स्टेंशन बोर्ड

बहुतेक साध्या एक्स्टेंशन बोर्डांवर मागे ६ अँपिअर लिहिलेलं असतं. त्यावर जास्तीत जास्त सुमारे १३८० वॅट चालतात. २००० वॅटचा हीटर त्यावर बसतच नाही. वायर गुंडाळलेली असेल तर उष्णता बाहेर पडत नाही आणि ती अजून तापते. गालिच्याखालून, गादीखालून, दाराच्या फटीतून नेलेली वायर हीच गोष्ट लपूनछपून करते.

हीटर थेट भिंतीच्या सॉकेटलाच लावावा. सॉकेट लांब असेल तर हीटर सॉकेटजवळ न्यावा. अगदीच इलाज नसेल, तर १६ अँपिअरचा, जाड तीन तारांच्या वायरचा बोर्ड घ्यावा, वायर पूर्ण उलगडावी आणि त्यावर दुसरं काहीही लावू नये.

अर्थिंग आणि आरसीसीबी

बहुतेक हीटरची जाळी किंवा बॉडी धातूची असते. आतली तार तुटून बॉडीला लागली, तर हात लावणाऱ्याला शॉक बसतो. अर्थिंग असेल तर तो करंट जमिनीकडे जातो. सॉकेटला तिसरं, मोठं भोक आहे म्हणजे मागे अर्थिंग जोडलंय असं नाही. काही ठिकाणी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून वेळ मारून नेलेली असते. हे अत्यंत धोक्याचं आहे, कारण न्यूट्रल तुटली की उपकरणाच्या बॉडीतच वीज येते. साधा टेस्टर फक्त फेज दाखवतो. अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडूनच मोजून घ्यावं.

आरसीसीबी वेगळं काम करतो. जितका करंट गेला तितका परत आला नाही, तर तो वीज तोडतो. माणसांच्या सुरक्षेसाठी ३० मिलिअँपिअरचा लागतो. त्यावर 'टेस्ट' किंवा 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघावं. वीज गेली नाही तर आरसीसीबी बदलायला झाला आहे.

पण लक्षात असू द्या, सैल जोडाची उष्णता आरसीसीबीलाही कळत नाही. ती ओळखायला हात, डोळे आणि नाक हीच साधनं.

अर्ध्या तासाची चाचणी

१. हीटर लावण्याआधी सॉकेट बघा. भोकांजवळ पिवळट-तपकिरी डाग, वितळलेली कड किंवा तडा असेल तर ते वापरू नका.
२. प्लग घाला. तो सैल हलत असेल, स्वतःच्या वजनाने खाली झुकत असेल, तर सॉकेट बदला.
३. हीटर अर्धा तास चालवा. खोलीत थांबा. चर्र असा आवाज येतो का ऐका. दिवा लुकलुकतो का बघा.
४. स्विच बंद करा. प्लगच्या प्लास्टिकला आणि सॉकेटच्या पट्टीला हात लावा. कोमट असेल तर ठीक. बोट टेकवत नसेल, तर तो हीटर तिथे पुन्हा लावू नका.
५. वास घ्या. जळक्या प्लास्टिकचा वास सगळ्यांना ओळखता येतो. पण काही जुनी सॉकेट तापल्यावर चक्क मासळीसारखा वास येतो. घरात सुकट-बोंबील भाजलेले नसताना असा वास आला, तर आधी बोर्ड तपासा.

हीच चाचणी गिझर आणि पाण्याच्या रॉडलाही लागू आहे. रॉडच्या बाबतीत आणखी एक नियम : स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही.

कोणता हीटर घ्यावा?

क्वार्ट्झ आणि हॅलोजन हीटर समोरच्या माणसाला लगेच ऊब देतात, पण त्यांच्या कांड्या लालबुंद तापतात. पडदा, मच्छरदाणी, गोधडी जवळ असेल तर धोका जास्त. पंख्याचा हीटर छोटी खोली लवकर गरम करतो. तेलाचा हीटर हळू तापतो, महाग असतो, पण त्याचा लाल भाग उघडा नसतो आणि थर्मोस्टॅटमुळे तो मधूनमधून बंद होतो. लहान मुलं आणि वृद्ध असलेल्या घरात तो बरा.

कोणताही घ्या, आयएसआय चिन्ह बघून घ्या. चिन्हासोबत असलेला परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून तपासता येतो. आडवा पडल्यावर आपोआप बंद होणारा स्विच आणि जास्त तापल्यावर बंद होण्याची सोय असावी.

लावताना गादी, कपडे, पडद्यापासून किमान तीन फूट अंतर ठेवा. त्यावर ओले कपडे वाळवू नका. झोपायच्या आधी खोली गरम करा आणि झोपताना बंद करून प्लग काढा. हीटर चालू असताना वीज गेली, तर प्लग लगेच काढा. नाहीतर घरात कोणी नसताना वीज येते आणि हीटर आपोआप सुरू होतो. हीटर नको म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणं मात्र जिवावर बेतू शकतं, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मंजूर भार आणि बिल

महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तो १ किलोवॅट असेल आणि घरात २ किलोवॅटचा गिझर, २ किलोवॅटचा हीटर असेल, तर भार वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरनंतरचं वायरिंग मात्र घरमालकाचं किंवा सोसायटीचं. त्यामुळे मीटर रूममध्ये वायर काळी पडलेली दिसली, तर ती कोणाच्या बाजूची आहे हे बघून लगेच कळवावं.

बिलाचा हिशोबही सोपा आहे. २००० वॅटचा हीटर रोज तीन तास चालला तर रोजची ६ युनिट, महिन्याची १८०. एरवी ९० युनिट जाळणारं घर २७० वर जातं, म्हणजे १०० युनिटांपर्यंतच्या स्वस्त टप्प्यातून बाहेर पडतं. १००० वर चालवला तर ९० युनिट वाचतात आणि जोडही कमी तापतात.

धूर निघाला तर?

आधी मुख्य स्विच बंद करा. वीज चालू असताना पाणी ओतू नका. आग छोटी असेल तर कोरडी वाळू किंवा विजेच्या आगीवर चालणारं अग्निशामक वापरा. आटोक्यात येत नसेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. विजेच्या तक्रारीसाठी महावितरणचे टोल फ्री क्रमांक १९१२ आणि १८००-२३३-३४३५.

एकदा जळलेलं सॉकेट घासून, टेप लावून पुन्हा वापरू नका. मागच्या वायरचं टोकही जळलेलं असतं. परवानाधारक वायरमनकडून जळका भाग कापून नवं सॉकेट बसवून घ्या, आणि तो आलाच आहे तर गिझरच्या पॉइंटचे स्क्रूही आवळून घ्या.